एरंडाचं गुऱ्हाळ

आमच्या मामांच्या बांधावर मोगली एरंडाची सतरा झाडं आहेत. ‘जट्रोफा’ हे त्याचं कागदावरचं नाव; गावात त्याला त्या नावानं कुणी ओळखत नाही. वीसेक वर्षांपूर्वी जीपमधून साहेब आले, रोपं फुकट देऊन गेले. म्हणाले, पडीक रानात येतो, पाणी लागत नाही, शेळी तोंड लावत नाही आणि बियांतून डिझेल निघतं. यातलं शेळीचं तेवढं शंभर टक्के खरं ठरलं. पाण्यावाचून झाड जगतं, पण बी भरायला त्यालाही पाणी लागतं, हे सांगायचं राहून गेलं असावं.

“मामा, बिया विकल्यात का हो?”

“कुणाला?”

त्या एका शब्दात सगळं बायोडिझेल धोरण आलं. २००३ मध्ये नियोजन आयोगाच्या समितीनं हिशेब मांडला: २०१२ पर्यंत डिझेलमध्ये २० टक्के बायोडिझेल, त्यासाठी १ कोटी १२ लाख हेक्टरवर एरंड. म्हणजे महाराष्ट्राचा तिसरा हिस्सा एरंडाखाली घातला तरी वर थोडी जमीन कर्नाटकाकडून उसनी आणावी लागली असती. २००९ च्या धोरणानं तेच २० टक्के २०१७ वर नेऊन ठेवले. मग २०१८ चं धोरण आलं. तेव्हाचं मिश्रण ०.१ टक्क्याहूनही कमी होतं, अशी कबुली त्यातच आहे. सबब आता २०३० पर्यंत ५ टक्के. पोरगं नापास झालं म्हणून बापानं पेपरच पाच मार्कांचा करून घ्यावा, तसं. २०१८ च्याच ऑगस्टमध्ये जट्रोफाच्या तेलापासून केलेलं इंधन मिसळून डेहराडूनहून दिल्लीला विमान मात्र उडालं. मामांच्या ट्रॅक्टरनं ज्याचा वासही घेतला नाही, तो एरंड विमानात बसून आला!

माल वाईट नाही, हो. तेलात मिथेनॉल आणि चिमूटभर कॉस्टिक घालून तापवायचं, खाली ग्लिसरीन बसतं, वर बायोडिझेल. काजळी कमी, गंधक नावापुरतं. १९०० साली पॅरिसच्या प्रदर्शनात डिझेल इंजिन शेंगदाणा तेलावर चालवून दाखवलं होतं. आज ते तेल टाकीत ओतायचं तर आधी पाटल्या गहाण टाकाव्या लागतील.

म्हणून सरकारची नजर आता कढईकडे वळली आहे. तळून तळून तेलातले पोलर घटक २५ टक्क्यांवर गेले की ते खाण्यातून बाद, बायोडिझेलला द्यायचं, असा नियम आहे. नाक्यावरच्या वडेवाल्याला हा नियम समजावायला मी गेलो. कढईतलं तेल गुळाच्या काकवीसारखं दिसत होतं. त्यानं झाऱ्यानं जळका चुरा बाजूला सारला, पिशवी फोडून वरून अर्धा लिटर भर घातली.

“उरलेलं तेल कुणाला देता?”

“उरतं कुठं, साहेब?”

“अहो, पण कधीतरी बदलत असाल ना?”

“दिवाळीत बदललं होतं. आठवडाभर गिऱ्हाईक विचारत होतं, चव का उतरली म्हणून.”

मी मान डोलावली. खरं तर विचारणाऱ्यांत मीही होतो. दोन वडे सांगितले, मिरची जास्त.