मक्षिकास्थाने मक्षिका

फ्लाय फिशिंगमधली माशी खरी माशी नसते. बारीक गळावर दोरा, पीस, सशाचे केस, कधी तांब्याची तार गुंडाळून उभे केलेले ते एक सोंग असते. ट्राउट माशाला ते क्षणभर किडा वाटावे, एवढीच त्याच्याकडून अपेक्षा. या सोंगांचे नंबर उलटे चालतात. 12 नंबरची माशी ऐटदार दिसते, 18 नंबरची चष्म्याशिवाय दिसत नाही आणि 22 नंबरची बासमतीच्या दाण्याहून आखूड भरते. पाचशे माश्या एकत्र तोलल्या तरी छटाकभर वजन व्हायचे नाही. तेव्हा माश्या नदीवर नेणे हा ओझ्याचा प्रश्न कधीच नव्हता. हवी ती माशी हव्या त्या वेळी सापडण्याचा प्रश्न होता, आणि तो सोडवता सोडवता जो माणूस घडला त्याला पेटीवाला म्हणायला हरकत नाही.

मराठीत पेटीवाला म्हटले की गवयाशेजारी बसून सूर धरणारा साथीदार डोळ्यांपुढे येतो. हा पेटीवाला इंग्लंडात हॅम्पशायरच्या टेस्ट नदीवर, अमेरिकेत कॅटस्किल डोंगरांतल्या बीव्हरकिलवर किंवा मोंटानात मॅडिसनच्या पात्रात मांडीभर पाण्यात उभा असतो. काठी बगलेत, चष्मा नाकाच्या शेंड्यावर, आणि दोन्ही हात पेटीत. साथीदाराची पेटी निदान वाजते तरी.

सुरुवातीच्या काळात पेटीचे अडले नाही, कारण माश्याच मोजक्या होत्या. 1496 मध्ये इंग्लंडात छापलेल्या आणि डेम ज्युलियाना बर्नर्स हिच्या नावावर चालत आलेल्या मासेमारीच्या प्रबंधात त्या भरतात बारा. डझनभर माश्या टोपीला टोचूनही नेता येतात. पुढे आयझॅक वॉल्टनच्या ‘द कम्प्लीट अँग्लर’ या 1653 च्या पुस्तकाला चार्ल्स कॉटनने 1676 मध्ये आपला भाग जोडला आणि त्यात माश्यांची महिनावार यादी दिली. यादी आली म्हणजे मागोमाग खण येणारच. जानेवारीची माशी मे महिन्याच्या माशीशेजारी ठेवायची नाही, हा सोवळेपणा तेव्हापासूनचा.

खणांआधी मात्र पाकिटाचा जमाना होऊन गेला. व्हिक्टोरियन काळात बहुतेक गळांना दोरा ओवायचे भोक नसे. माशी बांधतानाच तिला रेशीमकिड्यापासून काढलेल्या तंतूची लांब शेपटी जोडलेली असे, आणि ही शेपटी एकदा मुडपली की मुडपलेलीच राही. म्हणून चामड्याचे पाकीट, आत फेल्टची पाने, आणि पानापानावर शेपट्या ताणून टोचलेल्या माश्या. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरच्या पावात गळाला भोक आले आणि शेपटी गेली. त्याच सुमारास फ्रेडरिक हॅलफर्डने 1886 च्या आपल्या पुस्तकातून पाण्यावर तरंगणाऱ्या कोरड्या माशीची प्रतिष्ठापना केली. ही माशी तरते ती गळाभोवती उभ्या राहिलेल्या कोंबड्याच्या पिसांच्या टोकांवर. पाकिटात दाबली की ती झोपलेल्या झाडूसारखी होते आणि मग बुडते. तेव्हा पाकीट मिटले आणि धातूची पेटी उघडली. व्हीटली कंपनीच्या ॲल्युमिनियम पेटीत प्रत्येक खणाला स्वतःचे छोटे पारदर्शक झाकण आणि त्याला स्प्रिंग असते. आपल्याकडच्या मिसळणाच्या डब्याला एकच झाकण पुरते, कारण हळद वाऱ्याने उडून नदीत जाण्याचा प्रसंग स्वयंपाकघरात येत नाही. नदीवर येतो.

त्या झाकणांचा टिक टिक आवाज हा पेटीवाल्याच्या आयुष्यातला पहिला मोह.

पेटी आल्यावर ती लावायची कशी, यावर पंथ पडतात. सगळ्यांत कडवा पंथ कीटकशास्त्राचा. या पंथातला पेटीवाला मेफ्लाय, कॅडिस आणि स्टोनफ्लाय या पाणकिड्यांना एका छपराखाली नांदू देत नाही. मेफ्लायमध्येही पाण्याखालची अळी वेगळी, पृष्ठभागाशी धडपडत कात टाकणारी वेगळी, नुकते पंख फुटलेली वेगळी आणि अंडी घालून मरायला टेकलेली वेगळी. या किड्याचे पाण्याखालचे बालपण बहुधा वर्षभर चालते. पंख फुटल्यावर तो काही खातही नाही आणि दिवसा-दोन दिवसांत संपतो. पेटीत मात्र त्याच्या चारही अवस्थांना कायमचे आरक्षण मिळते. हॅलफर्ड स्वतः म्हातारपणी बराच आवरता झाला आणि 1910 मध्ये त्याने आपली यादी 33 माश्यांवर आणली. पण त्यांतही नर आणि मादी वेगवेगळ्या बांधायच्या असा त्याचा आग्रह राहिला. एखाद्या वधू-वर सूचक मंडळाच्या वहीत दिसावे तसे त्या पेटीचे दोन भाग पडले. लग्ने जुळवण्याची जबाबदारी अर्थात ट्राउटवर.

नंबराचा पंथ त्या मानाने साधा. सगळ्या 14 नंबरच्या एका रांगेत, 16 च्या दुसऱ्या. हा माणूस मोजमापाच्या धंद्यातला असतो, आणि आपल्या पेटीत काय आहे यापेक्षा किती आहे हे त्याला आधी सांगता येते. नदीवार पंथात प्रत्येक नदीला स्वतंत्र पेटी असते आणि तीच माशी पाच पेट्यांत पाच वेळा विकत घ्यावी लागते. दुकानदारांचे या पंथावर विशेष प्रेम. महिनावार पंथ म्हणजे कॉटनचे वंशज. पाऊस लांबला की यांचे कॅलेंडर कोलमडते.

सर्व पंथांना पुरून उरते ती ॲडम्स. ही करड्या अंगाची, तपकिरी आणि ठिपकेदार पिसे एकत्र गुंडाळलेली माशी 1922 मध्ये मिशिगनात लेनर्ड हॅलडेने बांधली आणि चार्ल्स ॲडम्स या ओहायोतल्या वकील मित्राचे नाव तिला दिले. ती कोणत्याही एका किड्यासारखी दिसत नाही. थोडीशी सगळ्यांसारखी दिसते. मासे तिला बिनदिक्कत गिळतात, पण कीटकशास्त्राच्या पंथातला पेटीवाला ती हातात घेऊन बराच वेळ उभा राहतो. मेफ्लायच्या खणात टाकावी तर ती पुरती मेफ्लाय नाही, कॅडिसच्या खणात तर मुळीच नाही. शेवटी ती टोपीला टोचली जाते.

खणांचा पोटमजकूर तसा थोडक्यात आटपतो. जड, आटोपशीर अळ्यांसाठी चिरा पाडलेला फोम बरा. त्यात गळ रुतून बसतो. पण त्याच चिरेत वर्षभर गळ खुपसून काढला की फोम म्हाताऱ्या माणसाच्या हिरडीसारखा सैल पडतो आणि माश्या दातांसारख्या डुगडुगतात. कोरड्या माश्यांना मोकळा खण हवा, पिसे उभी राहायला. लोहचुंबकाच्या पेट्या दिसायला छान, पण 22 नंबरच्या चाळीस माश्या एकमेकींना बिलगल्या की त्यांतली एक सोडवणे म्हणजे गिच्च झालेली साबुदाणा खिचडी दाणा दाणा वेगळी करण्याचा प्रकार. सगळ्यांत वाईट वैरी गंज. वापरलेली एक ओली माशी परत पेटीत गेली आणि झाकण लागले, की आठवड्याभरात शेजारपाजारच्या गळांवर तांबूस पूड दिसू लागते. म्हणून छातीवर लोकरीचा तुकडा शिवलेला असतो आणि ओल्या माश्या त्यावर वाळत घालतात. निवृत्त सुभेदाराच्या पदकांसारख्या त्या तिथे झळकतात आणि पहिल्याच झुडपात निम्म्या पडतात.

एक पेटी मात्र नदीवर जातच नाही. तिच्यात सालमन माशासाठी व्हिक्टोरियन पद्धतीने बांधलेल्या शोभेच्या माश्या असतात. त्यांतल्या ‘जॉक स्कॉट’सारख्या माशीच्या गालावर नखासारखा चकाकणारा पिवळट ठिपका दिसतो. ते पीस राखी रानकोंबड्याच्या मानेचे. हा पक्षी आपल्या सह्याद्रीचा रहिवासी. पहाटे जंगलातून त्याची बांग ऐकलेल्या माणसाला त्याच्या मानेची पिसे स्कॉटलंडच्या सालमनसाठी नेली जात होती हे ऐकून नवल वाटेल. आता भारतात त्याला कायद्याचे संरक्षण आहे आणि तिकडचे शौकीन पाळीव रानकोंबड्यांच्या पिसांवर भागवतात. ही पेटी पाहुण्यांना दाखवताना पेटीवाला आवाज खाली आणतो. तिला पाण्याचा थेंब लागलेला नाही, हीच तिची थोरवी.

पेट्या झाल्या की त्या अंगावर कुठे ठेवायच्या, हा पुढचा अध्याय. खिशांचे जाकीट 1931 च्या सुमारास अमेरिकेत ली वुल्फने शिवले असे मानले जाते. त्याआधी लोक झोळ्या घेऊन हिंडत. जाकिटाने झोळी घालवली आणि खिसे आणले. खिसे वाढत वाढत वीस-बावीसवर गेले. त्यामुळे पेटी शोधणारा पेटीवाला टीसी समोर आल्यावर पास शोधणाऱ्या प्रवाशासारखे सर्वांग चाचपताना दिसतो. छातीवरच्या पिशवीत सगळे नाकासमोर राहते, फक्त स्वतःचे पाय दिसत नाहीत, आणि शेवाळलेल्या गोट्यांवरून चालणाऱ्याला पायांची गरज असते. कमरेची पिशवी खांद्यांना आराम देते. पाणी कमरेला लागले की मात्र पेटीवाल्याआधी तीच अंघोळ करते. एका खांद्यावरून तिरपी टाकायची पिशवी पाठीवर असते, हवी तेव्हा पुढे ओढायची, आणि नको तेव्हा, म्हणजे मासा जाळीत घेण्यासाठी वाकताना, ती आपणहून पुढे येते. गळ्यातल्या पट्ट्याला लटकवलेली एवढीशी पेटी सगळ्यांत सुटसुटीत. तिच्यात बारा-पंधरा माश्या मावतात. पेटीवाला हा पर्याय विचारात घेतो, त्यावर दोन संध्याकाळी चर्चा करतो आणि मोठे जाकीट घेतो.

वाटाड्याचा धंदा करणारा गाइड या सगळ्याकडे काही न बोलता पाहत असतो. त्याच्या खिशात पेपरमिंटच्या गोळ्यांची रिकामी पत्र्याची डबी असते, तळाला चिकटवलेला फोमचा तुकडा, आणि त्यात जेमतेम वीस माश्या. स्कॉटलंडच्या डब्ल्यू. सी. स्ट्यूअर्टने 1857 मध्येच मूठभर साध्या माश्यांवर भागते असे लिहून ठेवले होते. ते पुस्तक पेटीवाल्याच्या कपाटात आहे, तेही विषयवार लावलेले.

पेट्या लावण्याच्या या विद्येची परीक्षा होते ती जूनच्या सुरुवातीला, बीव्हरकिलवर, दिवेलागणीच्या आधी. पाण्यावर फिकट पिवळ्या मेफ्लाय उठू लागतात. खडकाच्या पलीकडे दहा पावलांवर एक ट्राउट टुपकन तोंड वर काढतो, पुन्हा काढतो. हा प्रकार तासभरसुद्धा टिकत नाही. पेटीवाल्याला किडा ओळखता येतो, त्याचे लॅटिन नावही येते. पहिली पेटी उघडते: अळ्या. दुसरी: बरोबर अवस्था, पण रंग तपकिरी. तिसरी जाकिटाच्या पाठीमागच्या खिशात निघते. तिच्यात पिवळ्या माश्यांची रांग आहे, 16 आणि 18 नंबरच्या, आणि पाण्यावरचा किडा नक्की 16 की 18 यावर थोडा विचार होतो. ट्राउट तोवर चार खातो. 16 ठरते. चिमट्यात माशी, दुसऱ्या हातात 0.13 मिलिमीटर जाडीचा दोरा. आता उजेड इतका उतरलेला असतो की गळाचे भोक आभाळासमोर धरल्याशिवाय दिसत नाही. पेटीवाला हात वर करतो, मान मागे टाकतो, जीभ दातांत धरतो. दोरा भोकाच्या डावीकडून जातो. मग उजवीकडून. तिसऱ्या खेपेला ओवला जातो, आणि त्याच आनंदात गुडघ्यावर टेकवलेली उघडी पेटी घसरते.

पेटी बुडते. माश्या बुडत नाहीत. त्या कोरड्या माश्या आहेत, तरंगण्यासाठीच बांधलेल्या. गणपतीच्या विसर्जनानंतर फुले निघावीत तशा त्या एका ओळीत प्रवाहावरून निघतात, पिसे ताठ, एकही आडवी नाही. दोऱ्याला बांधलेली माशी प्रवाहात किंचित ओढली जाते, आणि तेवढ्या ओढीवरून ट्राउट तिला ओळखतो. ही ओढ टाळण्यात गळकऱ्यांचे आयुष्य जाते. या माश्यांना दोराच नाही. पेटीवाल्याच्या तीस वर्षांत त्याच्या हातून इतकी नैसर्गिक वाहती माशी कधी सुटली नव्हती. खडकाखालच्या वळणावर टुप असा आवाज होतो. कोणीतरी 18 नंबरची घेतलेली असते.

त्यानंतर पेट्यांना दोरी लागते. सहा पेट्यांच्या सहा दोऱ्या एकमेकींत गुंततात, हा पुढच्या उन्हाळ्याचा विषय.

हंगाम संपून हिवाळा आला की जेवणाच्या टेबलावर वर्तमानपत्र पसरले जाते आणि वार्षिक फेरमांडणी सुरू होते. प्रत्येक माशी काढायची, गंज पाहायचा, चेपलेली पिसे किटलीच्या वाफेवर धरून उभी करायची, आणि जागेवर ठेवायची. वाफेचा हा उपाय खराच चालतो. झोपलेली पिसे क्षणात उठून बसतात, आणि पेटीवाल्याच्या चेहऱ्यावर रुग्ण शुद्धीवर आणल्याचे समाधान पसरते. रात्री अकरा वाजता मेफ्लाय मेफ्लायच्या खणात, कॅडिस कॅडिसच्या, नर डावीकडे, मादी उजवीकडे. सहा पेट्या भरतात, झाकणे टिक टिक करून लागतात. टेबलावर टोपी उरते. तिच्या पट्ट्यात सात-आठ करड्या माश्या आहेत. पिसे कुरतडलेली, अंगाचा दोरा माशांच्या दातांनी सुटलेला, कारण वर्षभरातले जवळजवळ सगळे मासे यांच्यावरच लागले. पेटीवाला एकेक पेटी पुन्हा उघडून पाहतो. जागा कुठेच नाही. मग तो खोकल्याच्या गोळ्यांची रिकामी डबी शोधून आणतो, ॲडम्स तिच्यात ओततो आणि झाकणावर कागदाची पट्टी चिकटवून सुवाच्य अक्षरात लिहितो: इतर.