पॉलच्या चपला कुठे गेल्या?

अहो, कानावर आलं की नाही? बीटल्समधला पॉल मॅकार्टनी म्हणे १९६६ सालीच मोटार अपघातात गेला! बाकीच्या तिघांनी कुणाला पत्ता लागू न देता त्याच्यासारखा दिसणारा दुसरा आणून उभा केला. आणि वर, काय हा निर्लज्जपणा, पुरावे स्वतःच ‘ॲबे रोड’ या रेकॉर्डच्या कव्हरवर छापले!

विश्वास बसत नाही? बघा मग. १९६९ च्या त्या कव्हरवर चौघंजण एका रांगेत रस्ता ओलांडताहेत. पुढे पांढऱ्या सुटातला जॉन लेनन, तो पाद्री. त्याच्यामागे काळ्या कपड्यांतला रिंगो, तो मयताची व्यवस्था बघणारा. शेवटी डेनिममधला जॉर्ज, तो कबर खणणारा. आणि मध्ये पॉल, चक्क अनवाणी! शिव शिव! पाऊल इतरांशी जुळत नाही, स्वतः डावखुरा आणि सिगारेट उजव्या हातात. यापेक्षा मेलेला माणूस तो अजून कसा दिसायचा?

या पंचनाम्याला आपल्याकडचं कोणी नव्हतं, तेच बरं. नाहीतर पांढरे कपडे बघून जॉन एकटाच मयताला निघालाय आणि पॉल देवळातून येतोय, असा निकाल लागला असता.

पुढची गंमत ऐका. मागे उभ्या फोक्सवॅगनच्या पाटीवर शेवटी २८१ एफ आहे. हेरांनी त्यातल्या एकाचा ‘आय’ केला आणि वाचलं ‘२८ इफ’, म्हणजे जगला असता तर अठ्ठावीसचा असता! पण पॉलला तेव्हा सत्तावीसच पूर्ण झाली होती. अडलं का कुणाचं? छे! पूर्वेकडे वय वेगळं मोजतात, म्हणाले. म्हणजे आपल्या आजीचं ‘अठ्ठाविसावं लागलं हो’ थेट लंडनच्या रस्त्यावर साक्षीला!

आता खरं काय घडलं? ८ ऑगस्ट १९६९, बीटल्सच्या रेकॉर्डिंग स्टुडिओच्या दारासमोरचाच रस्ता. इयन मॅकमिलन हा फोटोग्राफर मधोमध शिडीवर चढला, पोलिसाने रहदारी थोपवली, दहाएक मिनिटांत सहा फोटो निघाले आणि कारभार आटोपला. सुरुवातीच्या फोटोंत पॉलच्या पायांत चपला आहेत. उकडत होतं, म्हणून त्याने त्या काढून ठेवल्या. संपलं रहस्य! पुढे मिशिगन विद्यापीठाच्या विद्यार्थी-दैनिकात फ्रेड लाबूर या पोराला रेकॉर्डचं परीक्षण लिहायचं होतं. त्याने ते बाजूला ठेवून मनानेच बरेचसे ‘पुरावे’ रचले आणि छापून मोकळा झाला. नोव्हेंबरात ‘लाइफ’ने स्कॉटलंडच्या शेतावर खुद्द पॉलला गाठलं आणि तो आहे, असं आपल्या कव्हरवर सांगितलं. पण पटवून घ्यायचंय कुणाला? एकदा कव्हरवर खुणा शोधायची ही खोड लागली की सुटत नाही. पिंक फ्लॉइडच्या ‘द डार्क साइड ऑफ द मून’वर लोलकातून रंगांचा पट्टा निघतो ना, तो मोजा. शाळेत ‘तानापिहिनिपाजा’ घोकलेल्या माणसाला घाम फुटेल. रंग सहाच! पारवा कुणी पळवला?

आणि जिथे खरोखर काही दडलंय, तिथे? परवा लोकलमध्ये एका पोराच्या काळ्या टी-शर्टवर पांढऱ्या नागमोडी रेघा होत्या. शेजारच्या काकांनी विचारलं, “सह्याद्री का रे हा?” पोरगा म्हणाला, “डिझाइन आहे, काका.” अरे बाळा, ते जॉय डिव्हिजन या बँडच्या १९७९ च्या ‘अननोन प्लेझर्स’चं कव्हर! १९६७ मध्ये केंब्रिजला सापडलेल्या पहिल्यावहिल्या पल्सारची स्पंदनं एकाखाली एक मांडलीत त्यात. खगोलशास्त्राच्या ग्रंथातली आकृती डिझायनर पीटर सॅव्हिलने उलटी केली, पांढऱ्यावर काळी होती ती काळ्यावर पांढरी. पल्सार म्हणजे जळून संपलेल्या ताऱ्याचं उरलेलं गाठोडं. खराखुरा मेलेला तारा छातीवर मिरवतात, त्याची चौकशी नाही. आणि जिवंत ताऱ्याचं मात्र पन्नास वर्षं श्राद्ध!

तो जिवंत तारा कमी नाही हो. १९९३ मध्ये त्याच क्रॉसिंगवर कुत्रा घेऊन निघाला. रेकॉर्डचं नाव ‘पॉल इज लाइव्ह’, मागच्या गाडीच्या पाटीवर ‘५१ इज’. वय एक्कावन्न, आणि आहे. या खेपेला पायांत बूट होते.