व्याह्यांचे खापरपणजोबा

लंडनच्या विमानतळावर कस्टम्सच्या हिरव्या पाटीखालून बाहेर पडताना ही एवढी झपझप का चालतेय, ते मला तेव्हा कळलं नाही. एरवी मंडईत पंधरा मिनिटांत हिचे गुडघे बोलायला लागतात. मला वाटलं, लेकीला भेटायची घाई.

लेकीचे सासरे, म्हणजे आमचे इंग्रज व्याही, निवृत्त झाले आणि त्यांना पूर्वज लागले. आपल्याकडे साठीनंतर माणसाला अध्यात्म लागतं किंवा मधुमेह. तिकडे पूर्वज लागतात. त्यांचे खापरपणजोबा कोस्टगार्डमध्ये होते. माझ्या डोळ्यांसमोर बुडत्याला दोर टाकणारा देवमाणूस आला. व्याह्यांनी मान हलवली. ते काम पुढे वाढलं. मूळ काम चोरटा माल पकडायचं. फ्रान्सकडून रात्री ब्रँडी यायची, तंबाखू यायची. त्यासाठी आधी किनाऱ्यावर घोडेस्वार होते, जकातीची गलबतं होती, 1809 पासून होड्यांतून गस्त घालणारे पहारेकरीही होते. 1822 मध्ये या सगळ्यांची मोट बांधून कोस्टगार्ड झालं. एवढं ऐकेपर्यंत माझा चहा गार झाला आणि दुसऱ्या दिवशी मी त्यांच्याबरोबर क्यूच्या राष्ट्रीय अभिलेखागारात जाणार, हेही परस्पर ठरून गेलं.

क्यूला बाहेर तळं, तळ्यात पक्षी, सगळं प्रसन्न. आत मात्र सोवळं. पेन बाहेर, खोडरबर बाहेर, पाण्याची बाटली बाहेर. पेन्सिल चालते, पिशवी पारदर्शक हवी. माझ्या खिशातली बडीशेपेची पुडीसुद्धा कपाटात गेली. आजीच्या स्वयंपाकघरानंतर इतकं कडक सोवळं मी पाहिलं नव्हतं. जुनी वही आली की ती फोमच्या उशांवर बाळंतिणीसारखी निजवायची आणि पानं हलक्या हाताने उलटायची.

आता गंमत बघा. कोस्टगार्डच्या त्या जुन्या वह्या माणसांच्या नावांनी लावलेल्या नाहीत, ठाण्यांनी लावलेल्या आहेत. म्हणजे माणूस सापडायला ठाणं माहीत हवं आणि ठाणं कळायला आधी माणूस सापडायला हवा. त्यात सरकारचा नियम असा की शिपायाला त्याच्या गावाजवळ नेमायचं नाही आणि एका जागी फार दिवस ठेवायचं नाही. ओळखी झाल्या की डोळेझाक होते, हे त्यांना कळलेलं होतं. आपल्याकडे बदली होऊ नये म्हणून माणूस मंत्रालयाच्या पायऱ्या झिजवतो. हे बिचारे दर दोन-चार वर्षांनी ट्रंका बांधायचे.

मग व्याह्यांनी 1851 च्या खानेसुमारीचा कागद दाखवला. 1841 च्या गणतीत 'याच परगण्यात जन्म का', एवढंच विचारून सोडलं होतं; 1851 ला जन्मगाव लिहून घेतलं. खापरपणजोबांना पोरं पाच. थोरला डॉर्सेटचा, दुसरी आयर्लंडात कॉर्कची, तिसरा नॉरफोकचा, पुढची दोन ससेक्सची. पोरांच्या वयावरून बापाची बदली ओळखायची! कॉर्कपाशी मात्र धागा तुटला. 1922 मध्ये आयर्लंडच्या यादवीत डब्लिनचं सरकारी दप्तर जळलं, त्यात शतकांचे कागद गेले.

मला नाशिक आठवलं. वडील गेल्यावर रामकुंडावर उभा होतो. उपाध्यायांनी आडनाव विचारलं, मूळ गाव विचारलं, लांबुळकी वही काढली आणि दहा मिनिटांत आजोबांची सही माझ्यासमोर धरली. पेन्सिल नाही, उशी नाही. शिवाय मागच्या खेपेला काकांनी दक्षिणा कमी दिली होती, हेही सांगितलं. मी हे व्याह्यांना सांगितलं, तर ते नाशिकचं तिकीट विचारू लागले.

संध्याकाळी साडेचारला ससेक्समधल्या ककमीर ठाण्याच्या पानावर खापरपणजोबा सापडले. एक ओळ. नाव, कुठून आले, कधी आले, पुढे कुठे गेले. व्याही त्या ओळीकडे इतका वेळ बघत बसले की मीच माझी पेन्सिल त्यांच्या हातात दिली.

शनिवारी सगळे ककमीरला. सीफर्डच्या टेकडीवरून चालत उतरलं की नदीच्या मुखाशी कोस्टगार्डची घरं, आणि पलीकडे पांढऱ्याशुभ्र खडूचे कडे, 'सेव्हन सिस्टर्स'. हिने साती आसरा समजून हात जोडले. मी मोजल्या तर आठ भरल्या.

"आठवी जाऊ असेल," ही म्हणाली.

कोस्टगार्डवाल्यांना गावात कोणी घर भाड्याने द्यायला राजी नसे, म्हणून अशा ओळीने खोल्या बांधाव्या लागत. गावाची सहानुभूती चोरांकडे. जवळच्या अल्फ्रिस्टनचा टोळीप्रमुख स्टँटन कॉलिन्स 1831 मध्ये अखेर अडकला तो भलत्याच चोरीबद्दल, आणि समुद्रापार हद्दपार झाला. त्याच्या घरात आज पब आहे, पाटीवर स्मगलर्सचं नाव दिमाखात. पकडणाऱ्याच्या नावाने मात्र साधी टपरीसुद्धा नाही. त्याची आपली वहीत एक ओळ! मला हे फार लागलं. व्याही शांत होते. पिंपं दगड बांधून समुद्रात कशी बुडवत, पहारा सरकला की आकड्यांनी वर कशी ओढत, हे ते रंगून सांगत होते. त्यांचा ओढा नक्की कोणाकडे होता, देव जाणे.

घरं खासगी, आत जाता येत नाही. वारा असा की माझी टोपी फ्रान्सच्या दिशेने निघाली होती. कुंपणाच्या आडोशाला बसलो, तेव्हा हिने पर्समधून स्टीलचा डबा काढला. साताऱ्याचे कंदी पेढे. व्याह्यांनी एक खाल्ला, डोळे मिटले, दुसरा उचलला.

लेक एकदम कुजबुजली, "आई! दुधाचं काही भारतातून आणायला इथे बंदी आहे. कसं आणलंस?"

"नऊवारीच्या घडीत."

व्याह्यांनी, काय म्हणतायत, असं विचारलं. लेकीने खरं ते सांगून टाकलं. ते खापरपणजोबांच्या घराकडे बघत राहिले, मग समुद्राकडे, आणि तिसरा पेढा तोंडात टाकला.

"एकूण किती आणलेस?" मी हळूच विचारलं.

"दोन किलो," ही म्हणाली. "एक किलो अजून हिच्या तांदळाच्या डब्यात बुडवून ठेवलाय."