पुढच्या भाषेत करू

सायखेड्याच्या चौकात एखादा गडी चहा फुंकत "पीएचपी आता संपली हो" म्हणाला, तर समजावं, पठ्ठ्यानं पीएचपीचे चार धडे पाहिलेत. पाचव्यात डेटाबेस लागतो.

शिकून गावी परतलेल्या, वडिलांच्या द्राक्षबागेकडे पाठ आणि लॅपटॉपकडे तोंड केलेल्या पोरांत हा नमुना हमखास सापडतो. 2019च्या ऑगस्टमध्ये गोदावरी गावात शिरली, तेव्हा त्यानं मनावर घेतलं. गंगापूर धरणातून किती क्युसेक सोडलं, ते गावाला मोबाइलवर दिसलं पाहिजे. एक आकडा, एक वेळ, बस्स. घोड्यानं पेंड खाल्ली ती एवढ्यावरच, की करायचं कुठल्या भाषेत?

पीएचपी जुनी. (रास्मुस लेरडॉर्फनं ती 1995 साली बाहेर आणली, मुळात स्वतःच्या वेबपानाच्या देखभालीपुरती. वर्डप्रेस आजही तिच्यावरच चालतं, पण हे याला सांगायची सोय नाही.) मग जावास्क्रिप्ट. ब्रेंडन आइकनं तिचा पहिला अवतार त्याच वर्षी मे महिन्यात दहा दिवसांत लिहिला. आमच्या गड्याचे तेवढे दिवस एडिटरचा रंग ठरवण्यात गेले. हात बसतोय तोवर कुणीसं म्हणालं, टाइपस्क्रिप्टशिवाय हल्ली विचारतंय कोण! पुढे पायथन, मग गो. घड लागायच्या आधी थॉमसन उपटायची, सोनाका मांडवावर चढायच्या आत शरद सीडलेस लावायची, अशी ही बागायत. पहिली ओळ मात्र प्रत्येक भाषेत बिनचूक उमटते: 'नमस्कार सायखेडा'.

डोकं कमी नाही हो. लूप काय, फंक्शन काय, सगळीकडे थोड्याफार फरकानं तेच, हे त्याला पक्कं ठाऊक. म्हणून तर नव्या भाषेत पहिला आठवडा झोकात जातो. मग आकडा आणायचा कुठून, रात्री दोनला तो भरणार कोण, असली रटाळ कामं पुढ्यात येतात आणि त्याला भाषेतच खोट दिसू लागते.

परवा विसर्ग वाढल्याची कुणकुण लागली. शेजारच्या काकांनी विचारलं, "किती सोडलं रे?"

"काका, सध्या रस्ट घेतलीय शिकायला. लय फास्ट आहे."

"पाण्यापेक्षा?"

"मेमरीचा घोळच होत नाही तिच्यात."

काकांनी व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर आकडा पाहिला आणि नदीकाठची मोटर काढायला निघाले. "चल, उचलायला दुसरा माणूस लागेल."

गडी मुकाट उठला. लॅपटॉप तेवढा उघडाच ठेवला. डाउनलोड सत्तर टक्क्यांवर आलं होतं.