वाया गेलेले मत

पिंपरी-चिंचवडच्या राजकीय व्यवहारात ‘वाया गेलेले मत’ या संज्ञेने ते मत ओळखले जाते, जे मतदाराला पटलेल्या परंतु पक्षाला न पटलेल्या उमेदवारास पडते. फेब्रुवारी 2023च्या चिंचवड पोटनिवडणुकीत महाविकास आघाडीचे नाना काटे भाजपच्या अश्विनी जगताप यांच्याकडून सुमारे 36 हजार मतांनी हरले आणि बंडखोर, म्हणजे आघाडीचा निर्णय डावलून अपक्ष लढलेले, राहुल कलाटे यांना सुमारे 44 हजार मते मिळाली. त्यामुळे पराभवाचे खापर फोडण्यास डोके आयतेच सापडले. ती सगळी मते एरवी काटे यांनाच पडली असती काय, हे मतदारांना विचारण्याच्या भानगडीत (मते त्यांचीच असली तरी) फारसे कोणी पडले नाही. वस्तुतः 2019 मध्ये अपक्ष लढणाऱ्या याच कलाटे यांना काटे यांच्याच पक्षाने, म्हणजे राष्ट्रवादी काँग्रेसने, पाठिंबा दिला होता. म्हणजे निष्ठा कोणती आणि बंडखोरी कोणती, हे तिकीटवाटपाच्या दिवशी ठरते. पुढे 2024 मध्ये कलाटे हेच शरद पवार यांच्या राष्ट्रवादीचे अधिकृत उमेदवार झाले, मतविभाजनाची सबब फारशी उरली नाही आणि ते एक लाखाहून अधिक मतांनी पराभूत झाले.