समाप्तीचे बटण

शेगावी माघ वद्य सप्तमीच्या प्रकटदिनासाठी भजनी मंडळे जमू लागली, की त्यांतील कीबोर्डवादकांची एक निराळीच दिंडी, जिचे पंढरपूर जपानात आहे, नव्या मॉडेलच्या वाटेकडे डोळे लावून बसते. यामाहाचा जेनॉस २०१७ साली अवतरला आणि जेनॉस टू २०२३ साली; मधल्या सहा वर्षांत आमच्या एका स्नेह्याने आपला जुना, पांढरी चारची पट्टी बसलेला कीबोर्ड विकण्याचे काम 'नवा येऊ द्या' या सबबीवर इतक्यांदा तहकूब केले, की अखेर गिऱ्हाइकाने तबला घेतला.

"दादा, यंदा तरी अस्सल भजनी ठेका देतील ना?" ही त्याची सालाबादची दरखास्त. डाव्या हाताची तीन बोटे टेकताच सबंध वाद्यवृंद मुजऱ्याला हजर होतो हे खरे. परंतु त्या दरबारात पोल्का, वॉल्ट्झ आणि बोसानोव्हा हेच मानकरी. (हार्मोनियमला परकी ठरवून आकाशवाणीने १९४० साली बंदी घातली होती, पोल्काला सप्ताहात अद्याप मज्जाव नाही.)

परवा मृदंगी आला नाही, म्हणून यंत्रातलाच केरवा लावला. बुवांनी शेवटचा चरण घेतलेला पाहून स्नेह्याने 'एंडिंग'चे बटण दाबले. यंत्राने रीतसर झांज वाजवून समारोप केला, आणि बुवांनी डोळे मिटून तोच चरण पुन्हा पहिल्यापासून उचलला.