अफवेला भिंत नसती, अक्का!

(उदगीर. सांजेची वेळ. दोन घरांच्या मधलं कंपाउंड. पलीकडं अक्का, अलीकडं वैनी.)

"वैनी, ऐकलाव का? मागच्या गल्लीतल्या मावशीला काल दोघांनी गाठलं. मोटारसायकलवरचे. म्हणूलाले, आम्ही साध्या कपड्यातले पोलीस. पुढं तपासणी चालू हाय, एवढं सोनं घालून कुठं निघालाव? काढा, रुमालात बांधा."

"आन् बांधलं?"

"त्यांनीच बांधून दिलं की! घरी येऊन सोडलं, तर आत खडे."

"अगं माय! खरा पोलीस बाईला रस्त्यात मंगळसूत्र काढायला लावतंय का कधी? तिथंच ओरडायचं, चार माणसं गोळा करायची, मग ओळखपत्र मागायचं."

"बोलायला सोपं हाय. मावशीची तर वाचाच बसली. आन् एसटीचं काय सांगू! 2023 च्या मार्चमध्ये बायांना हाफ तिकीट झालं, तवापासनं दारात ही झोंबी! चढताना पर्स पाठीकडं राहिली की संपलं."

"पर्स पोटाशी धरायची, आन् लग्नाला जाताना दागिन्यांचा सगळा डबा सोबत न्यायचा न्हाई."

"ते जाऊ द्या. खरी बातमी तर पुढंच हाय. पोरं पळवणारी टोळी आलीय म्हणं! रात्री ड्रोन फिरूलालेत. ग्रुपवर आलंय. मी लगेच चार ग्रुपवर पाठवून दिलं."

"कामून पाठवलाव? कुणाचं पोरगं गेलं, कोणत्या ठाण्यात नोंद हाय, काही लिहिलंय का त्यात?"

"तसं न्हाई... पण सगळेच म्हणूलाले!"

"2024 ला बीड, नगर, पुण्याकडं असंच ड्रोनचं उठलं. गावंच्या गावं गच्चीवर जागली. आन् मुर्की विसरलाव का, अक्का? आपल्या शेजारच्या बिदर जिल्ह्यातलीच की."

"कोणती ती?"

"2018, जुलैची 13 तारीख. हैदराबादहून फिरायला आलेल्या पोरांनी लेकरांना चॉकलेटं दिली. कुणीतरी ग्रुपवर टाकलं, पोरं पळवणारे आले. त्यांची गाडी पुढं मुर्कीत लोकांनी अडवली. शिकला-सवरलेला इंजिनिअर पोरगा मारून टाकला. पोलिसांनी मग गावातली माणसं धरली, त्यात ग्रुपचा ॲडमिन बी गेला."

"चॉकलेटापायी?"

"अफवेपायी. त्याच्या बारा दिवस आधी धुळे जिल्ह्यात राईनपाड्याला बाजाराच्या दिवशी पाच जणांचा जीव घेतला. मंगळवेढ्याकडचे नाथपंथी डवरी गोसावी. भिक्षा मागून खाणारी माणसं."

"मग काय, चोर आला तर ओवाळायचं का त्याला?"

"धरा की! डोळ्यांदेखत चोरी करूलाला तर कुणालाबी धरता येतं, कायद्यातच हाय. पण नव्या कायद्यात सहा तासांच्या आत पोलिसांच्या हवाली करायचं. अंगाला हात लावायचा न्हाई. आन् जात, भाषा, जन्मगाव असल्या कारणानं पाच किंवा जास्त जणांनी मिळून जीव घेतला, तर त्या सगळ्यांना जन्मठेप न्हाईतर फाशी."

"तुम्हाला बरं सगळं ठाऊक!"

"वडील पोलीस पाटील होते. गावाबाहेर कुणी पाल टाकलं की ते सोता जायचे. कुठले, किती जण, किती दिवस, सगळं वहीत लिहून घ्यायचे. वर चहा पाजायचे. नाव विचारलेला माणूस परका राहत न्हाई, आन् चोर असला तर नाव लिहून घेतलेल्या गावात थांबत न्हाई."

"आता कुठं कोण वही घेऊन बसतंय?"

"112 लावा, गाडी येती. फोनवरून पैसे गेले तर लगेच 1930. आन् व्हिडिओ कॉलवर कुणी ‘तुम्हाला अटक केलीय’ म्हणाला, तर ठेवून द्या. तशी अटक कायद्यात न्हाईच."

"बरं बाई. ते चार ग्रुपवरचं काढून टाकते."

"नुसतं काढू नका. ‘खोटं होतं’ असं लिहा बी. वाचलेलं कुणाच्या डोक्यातून कसं काढणार?"

तर वाचकहो, कंपाउंडवरच्या गप्पा खुशाल चालू द्या. गल्लीत कोण नवं आलं, कुणाचं घर बंद आहे, हे शेजाऱ्याइतकं कॅमेऱ्यालाही कळत नाही. फक्त संशय आला तर तो ग्रुपवर न टाकता आधी पोलीस ठाण्यात कळवा. गेलेलं सोनं तपासात कधी तरी सापडतं. अफवेत गेलेला माणूस परत येत नाही.